नवऱ्याची नोकरी गेली आहे. घरात कुणाला आणि काय सांगायचं?

प्रश्न: माझे मिस्टर अंबडच्या एका कंपनीत १६ वर्षं क्वालिटीला होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांची लाइन बंद झाली आणि कंपनीने काही जणांकडून राजीनामा लिहून घेतला, त्यात हेही होते. हातात ३४ हजार यायचे. मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये बिलिंगला आहे, पगार १८ हजार. पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, त्याचा हप्ता १४,५०० रुपये. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. सासू-सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना आणि मुलांना अजून काहीच सांगितलेलं नाही. मिस्टर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी शिफ्ट सुटण्याच्या वेळेला घरी येतात. आले की कुणाशी बोलत नाहीत, मुलांवर ओरडतात. सिन्नरला एक काम मिळत होतं, १९ हजारांचं, ते नको म्हणाले. मी विचारायला गेले की भांडण होतं. हॉस्पिटलमध्ये जादा ड्युटी मिळते आहे, ती घेऊ का? आणि हे सगळं मी बोलायचं कुणाशी?

उत्तर:

ताई, आधी हे खोटं थांबवा. हप्ता, पीएफ, नवं काम या सगळ्याचं बोलू, पण ते यानंतर.

मी नाशिकमध्ये कुटुंब समुपदेशनाचं काम बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडे येणारी बरीचशी घरं सातपूर, सिडको, अंबड, नाशिकरोडची, म्हणजे पगारावर चालणारी. काम गेल्यावर डबा घेऊन बाहेर पडणारे गृहस्थ मी पुष्कळ पाहिलेत. कुणी गोदाघाटावर बसून असतो, कुणी वाचनालयात पेपर उलटत असतो, कुणी मित्राच्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून दिवस काढतो. त्यांच्यातला एकही घरच्यांना फसवायचं म्हणून निघालेला नव्हता. पहिल्या दिवशी सांगायचा धीर झाला नाही, दुसऱ्या दिवशी ‘काल का नाही सांगितलं’ हा प्रश्न आडवा आला, आणि दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं. त्यामुळे यांना ‘तुम्ही आईवडिलांशी खोटं बोलता’ असं म्हणू नका. ते त्यांना तुमच्याहून जास्त टोचत असणार.

पण लपवण्याची किंमत रोज मोजावी लागते, आणि सगळ्यात मोठी किंमत अशी की त्यामुळे कामच मिळत नाही. आपल्याकडे क्वालिटी, टूलरूम, मेंटेनन्सच्या नोकऱ्या पोर्टलवर असतात तेवढ्याच तोंडोतोंडी फिरतात. जुना सुपरवायझर आता गोंद्याला असतो, एखाद्या व्हेंडरने सातपूरला नवा गाळा घेतलेला असतो, सासऱ्यांच्या भजनातल्या कुणाचा मुलगा दिंडोरीच्या कंपनीत एचआरला असतो. ज्याने काम गेल्याचं कुणाला सांगितलंच नाही, त्याला काम सुचवणार कोण? दोन महिने यांनी एकट्याने शोधलं. आता सगळ्या घराला शोधू द्या.

डब्याचं काय करायचं

इथे एक जुना अभ्यास सांगते, कारण तुमच्या मिस्टरांचं वागणं त्यातून मला नीट उलगडतं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या जवळ मारिएन्थाल नावाची वस्ती होती. तिथली कापडगिरणी १९३०च्या सुमाराला बंद पडली आणि जवळजवळ अख्खी वस्ती बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. त्यांना वाटलं होतं की लोकांकडे आता वेळच वेळ आहे, तर ते वाचतील, सभासंमेलनांना जातील. झालं उलटंच. वाचनालयाने वर्गणी माफ केली, तरी नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यात रेंगाळायचे, दर थोड्या अंतरावर उभे राहायचे. सकाळपासून काय केलं असं विचारलं तर त्यांना धड सांगता यायचं नाही. बायकांचा दिवस मात्र स्वयंपाक, मुलं, धुणं यांनी बांधलेला राहिला.

याहोडांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी देते: दिवसाची आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, लोकांत ओळख, आणि हाताला नियमित काम. या पाच गोष्टी यांच्या बाबतीत मोजून बघा. फर्स्ट शिफ्टला पहाटे उठणं, कंपनीच्या बसमधली ठरलेली सीट, कँटीनमधले चारजण, ‘यांनी पास केल्याशिवाय माल बाहेर जात नाही’ हा मान, आणि हातात मायक्रोमीटर. हे सगळं एका सहीबरोबर गेलं. तुम्हाला पगार गेलेला दिसतो, कारण किराणा तुम्हाला भरायचा असतो. त्यांचं बाकीचंही गेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना बोलता येत नाही.

म्हणून मला त्या डब्यात खोट्याबरोबर दुसरंही काही दिसतं. दिवस हातातून निसटू नये म्हणून ते धडपडत आहेत. ठरलेल्या वेळी उठणं, आंघोळ करून तयार होणं, घराबाहेर पडणं हे अजिबात बंद करू नका. फक्त जायचं कुठे ते खरं असू दे. सकाळी नऊ ते एक हा वेळ कामाच्या शोधाचा: तीन दिवस प्रत्यक्ष एमआयडीसीत जाऊन भेटी, दोन दिवस बसून अर्ज, फोन, बायोडेटा. बसायला सार्वजनिक वाचनालयासारखी जागा चांगली, कारण घरातल्या पलंगावर बसून अर्ज होत नाहीत. दुपारी एक वाजल्यानंतर घरचं काम. रविवारी सुट्टी, पूर्वी होती तशीच.

घरच्यांना सांगताना

सांगायचं त्यांनी, तुम्ही शेजारी बसायचं. तुम्ही सांगितलंत तर सासूबाईंच्या कानावर ते तक्रार म्हणून जाईल आणि पुढचे सहा महिने तुम्ही त्यांच्या मुलाच्या विरुद्ध उभ्या आहात असं चित्र राहील. वेळ रविवारची सकाळ, चहा झाल्यावर. रात्रीच्या जेवणाआधी नको. कुणाला घास जाणार नाही आणि झोपही लागणार नाही.

वाक्यं थोडी असू द्यात. ‘बाबा, आमची लाइन बंद झाली. दोन महिने झाले. मला सांगायला जमलं नाही. सध्या घर हिच्या पगारावर आणि माझ्या हिशेबाच्या पैशांवर चालेल. मी काम बघतोय, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा.’ एवढं पुरे. राजीनामा का दिला, साहेब कसा वागला, कोण वाचलं, हे त्या दिवशी उगाळू नका. त्याच बैठकीत सासऱ्यांकडे पैसेही मागू नका, नाहीतर आधीचं सगळं पैसे मागण्यासाठी होतं असं वाटेल. त्यांना वाटलं तर ते आठवड्याभरात आपणहून विषय काढतील.

मला वाटतं सासऱ्यांना थोडाफार अंदाज असेल. त्यांच्या पिढीने संप पाहिलेत, टाळेबंदी पाहिली आहे. मुलगा घरी आल्यावर त्याच्या कपड्यांना कंपनीचा वास येत नाही, हे त्यांना कळत असतं. सासूबाईंना मात्र धक्का बसेल. त्या रडतील, नवस बोलतील, कदाचित दृष्ट काढतील. काढू द्या. त्यांचं म्हणून जे आहे ते त्यांना करू द्या.

बाकी नातेवाइकांसाठी एकच उत्तर सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा: ‘लाइन बंद झाली, दुसरीकडे बघतोय, काही असेल तर कळवा.’ घरातल्या प्रत्येकाने हेच सांगायचं. लग्नाकार्यात दहाजण विचारतील. दहाजणांना दहा वेगळी उत्तरं देत बसलं की माणूस लग्नालाच जाणं सोडतो.

मुलांना सांगताना

मुलीला काहीतरी झालंय हे नक्की कळलं आहे. दहावीतली मुलगी दोन महिने घरात राहते आणि वडिलांमधला बदल तिच्या लक्षात येत नाही, असं होत नाही. पण काय झालंय ते माहीत नसल्यामुळे मुलं त्याहून वाईट काहीतरी कल्पून बसतात. आईबाबा वेगळे होणार, बाबांना मोठा आजार झालाय, असं मनात धरलेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. नोकरी गेली हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसते.

दोघांना एकत्र, थोडक्यात सांगा. काय बदलणार नाही ते आधी: शाळा तीच, ताईचा क्लास तोच. मग काय बदलणार ते: यंदा सुट्टीत बाहेरगावी नाही, बाहेरचं खाणं कमी, नवा मोबाइल नाही. खात्री नाही असं वचन देऊ नका; ‘बाबांना पुढच्या महिन्यात नोकरी लागेल’ हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही. आणि हे गुपित ठेवायला सांगू नका. धाकट्याने विचारलं, ‘शाळेत सांगू का?’ तर म्हणा, ‘तुला वाटलं तर सांग, त्यात लपवायचं काही नाही.’ वडिलांचं काम जाणं लाजिरवाणं आहे की नाही हे मुलं आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात.

मुलीशी नंतर एकटीने बोला. समजूतदार मुली अशा वेळी न विचारता त्याग करतात. क्लासची फी मागत नाहीत, सहलीचं पत्रक दप्तरातच ठेवतात, ‘मला डिप्लोमा नको, अकरावीच करते’ म्हणतात. तिला स्पष्ट सांगा की फीचा विचार मोठ्यांनी करायचा आहे, आणि काय हवं ते तिने विचारायचंच आहे. ‘आता तूच समजून घे’ असं तिला म्हणू नका. ती आधीच गरजेपेक्षा जास्त समजून घेते आहे. शाळेची फी थकण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. थकल्यावर केलेल्या विनंतीपेक्षा आधी केलेली विनंती जास्त वेळा मान्य होते.

तुम्हा दोघांत

रोज संध्याकाळी तुम्ही ‘काही झालं का?’ विचारता, हो ना? मायेनेच विचारता. पण ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्याला ती रोजची हजेरी वाटते. ते विचारणं बंद करा आणि आठवड्यातून एक वेळ ठरवा, समजा शनिवारी रात्री मुलं झोपल्यावर तासभर. त्यात ते सांगतील: कुठे गेलो, कुणाशी बोललो, पुढच्या आठवड्यात काय करणार. तुम्ही सांगायचं: खर्च किती झाला, खात्यात किती आहे. तास संपला की विषय बंद. बाकीचे सहा दिवस नोकरीचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकायचं. पहिले दोन आठवडे हे अवघड जातं. तरी करून बघा.

घरकामाची वाटणी नव्याने करावी लागेल. तुम्ही कमावून दमून यायचं, वर ओटाही आवरायचा आणि ते हॉलमध्ये बसून असणार, असं तीन महिने चाललं तर तुमच्या मनात जी अढी बसेल ती नोकरी लागल्यावरही निघणार नाही. त्यांच्याकडे ‘मदत’ मागू नका, कामं पूर्ण सोपवा. धाकट्याचा अभ्यास आणि शाळेचं सगळं, भाजी-किराणा, सासऱ्यांची औषधं आणि दवाखाना, मुलांचे दुपारचे डबे. एकदा सोपवलं की कसं केलं यात बोट घालायचं नाही. कोथिंबीर जुडीमागे पाच रुपये महाग आणली तरी चालेल. सासूबाई ‘पुरुषाला ओट्याशी उभं केलं’ म्हणाल्या तर त्याचं उत्तर यांनी द्यायचं, तुम्ही नाही. ‘आई, ही दिवसभर कामावर असते, मी घरी आहे’ हे मुलाच्या तोंडून आलं की तिथेच मिटतं.

ओरडण्याबद्दल मात्र सरळ सांगते. माणूस दुखावला आहे हे समजून घेणं वेगळं आणि त्याचा राग मुलांनी झेलणं वेगळं. शांत वेळ बघून सांगा, ‘तुमचा त्रास मला कळतो, पण मुलांवर ओरडलेलं मी चालवून घेणार नाही. राग आला की खाली चक्कर मारून या.’ हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली तर समजून घेण्याचा प्रश्नच संपला. पोलिस मदतीचा ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये असू द्यात.

आता पैसा

तुमच्या १८ हजारांतून १४,५०० हप्ता गेला की साडेतीन हजार उरतात. त्यात सहा माणसं जेवू शकत नाहीत, म्हणून हिशेबाची रक्कम आधी ताब्यात यायला हवी. १६ वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी मिळायलाच हवी. ५ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाने राजीनामा दिला असला तरी तो हक्क जात नाही. हिशेब असा: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ आणि डीए मिळून २० हजार धरले तर १६ वर्षांचे साधारण १ लाख ८४ हजार ६०० होतात. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. दोन महिने झाले आहेत, तेव्हा मिळाली नसेल तर कंपनीला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि तरी हालचाल झाली नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या लेबर ऑफिसला जा. शिल्लक रजेचे पैसे, बोनस, रिलीव्हिंग लेटर हेही त्याच पत्रात मागा.

राजीनाम्याचाही विचार करावा लागेल. कंपनीने कामगार कपात केली असती तर नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराएवढी भरपाई द्यावी लागली असती. राजीनामा लिहून घेतला की कागदोपत्री माणूस आपणहून गेलेला ठरतो. तुमचे मिस्टर कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरतात का, सही दबावाखाली झाली हे दाखवता येईल का, हे कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा युनियनच्या जाणत्या माणसाला कागद दाखवून विचारा, आणि हे लवकर करा. त्यांच्यासोबत सही केलेले बाकीचे कुठे आहेत? एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून गेलेलं बरं. कंपनीतल्या मित्रांना भेटायचं कारणही त्यातून मिळतं, आणि त्या भेटींची यांना फार गरज आहे. हे वाचणाऱ्या आणि अजून सही न केलेल्या माणसाला मात्र सांगते: कागद घरी आणा, कुणालातरी दाखवा, मग ठरवा.

ग्रॅच्युइटी आली की ती पगार समजा. वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला त्यातून १५ हजार घरखर्चाच्या खात्यात वळवा. वरच्या आकड्याने ती वर्षभर पुरते. तुमचा पगार मिळवून घरात ३३ हजार आले, हप्ता जाऊन साडेअठरा राहिले. ओढाताणीचं आहे, पण महिना पार पडतो, आणि डोक्यावर टांगती तलवार नसलेला माणूस मुलाखतीत वेगळा बोलतो. या रकमेवर पहिल्या सहा महिन्यांत कुठलाही धंदा काढायचा नाही. मिसळीचं हॉटेल, फ्रँचायजी, मित्राबरोबर भागीदारी, सगळं नंतर. धंदा करायचाच असेल तर आधी दोन महिने त्याच धंद्यात दुसऱ्याकडे राबून बघावं.

पीएफ शक्यतो मोडू नका. नोकरी सुटली तरी शिल्लक रकमेवर व्याज चालू राहतं. अगदी लागलेच तर गरजेपुरते काढा. १६ वर्षं पगारातून पेन्शन योजनेची वर्गणी गेली असेल तर १० वर्षांची अट पूर्ण झाली आहे, म्हणजे ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे. स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनच्या सेवेचा दाखला, घेऊन ठेवा. कंपनीने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का तेही आजच बघा. भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती सभासदाला स्वतः भरता येते.

बँकेत हप्ता चुकण्याआधी जा. कर्ज ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं आणि मग बोलणारी माणसं आणि बोलण्याची भाषा दोन्ही बदलतात. त्याआधी शाखेत दोघांनी जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, काही महिने फक्त व्याज भरून चालेल का, हे लेखी विचारा. अडचण पडलीच तर सोन्यावरचं कर्ज परवडेल. मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज कधीही घेऊ नका; वसुलीवाले तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करतात, आणि इतके दिवस जपलेली अब्रू एका दुपारी जाते. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नका, नवी भिशी लावू नका.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, हे बहुतेक घरांना पहिल्या आजारपणात कळतं. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची कपात आहे का बघा. १८ हजारांवर ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये दिसतील. पगार २१ हजारांच्या मर्यादेत आहे, त्यामुळे हॉस्पिटलला योजना लागू असेल तर तुम्ही विमाधारक आहात, आणि पती व मुलांची नावं कुटुंब म्हणून तुमच्या कार्डावर घालता येतात. मग सातपूरचं ईएसआयसी हॉस्पिटल तुम्हा सगळ्यांसाठी आहे. सासू-सासऱ्यांपैकी ज्यांचं वय ७० किंवा जास्त आहे, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही. शिवाय रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ही कामं यांच्या दुपारच्या वेळात बसतात.

ज्यांची स्वतःची ईएसआयसी कापली जात होती आणि नोकरी गेली, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करावी. अटी पूर्ण होत असतील तर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के मिळतात, आयुष्यात एकदा. ३४ हजारांच्या पगारामुळे तुमच्या मिस्टरांना ती लागू नाही.

सिन्नरचं काम

१९ हजारांच्या कामाला नाही म्हणाले म्हणून त्यांना आळशी ठरवू नका. पण ‘नको’ म्हणायचं कारण शनिवारच्या तासात नक्की विचारा. पगार कमी म्हणून नको, की तिथे त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा आता वरचा साहेब आहे म्हणून नको? माझा अनुभव असा की दुसरं कारण जास्त वेळा असतं आणि ते पहिल्याच्या आड लपतं. ते एकदा बोललं गेलं की बऱ्याचदा निवळतं.

माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने आपल्या तोडीचं काम शोधावं. त्यानंतर आपल्याच क्षेत्रातलं, जुन्या पगाराच्या साठ टक्क्यांचं काम मिळालं तरी घ्यावं, म्हणजे तुमच्या हिशेबात वीस-साडेवीस हजारांचं. हात कामात राहतो, पीएफ चालू राहतो, आणि ‘सध्या कुठे आहात?’ या प्रश्नाला उत्तर असतं. घेण्याआधी तीन गोष्टी बघा: नेमणूक कंपनीची की कॉन्ट्रॅक्टरची, पीएफ कापतात का, आणि जाण्यायेण्यात किती पैसे आणि किती तास जातात. सिन्नरला स्वतःच्या गाडीने जायचं असेल तर १९ चे १६ च होतील. कंपनीची बस असेल तर वेगळा विचार. शिवाय क्वालिटीच्या माणसाला एक वाट आहे जी मी काही घरांत चालताना पाहिली आहे. अंबड-सातपूरमधल्या लहान व्हेंडरना मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटसाठी पीपीएपीची (नवा सुटा भाग मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं, गेज कॅलिब्रेशनच्या (मोजमापाची साधनं तपासल्याच्या) नोंदी, इन्स्पेक्शन रिपोर्ट लागतात आणि त्यासाठी पूर्ण पगाराचा माणूस त्यांना परवडत नाही. असे दोन-तीन व्हेंडर मिळून आठवड्याचे दिवस वाटून घेतात. सोळा वर्षं त्यांनी ज्यांचा माल तपासला, त्यांनाच आधी फोन करायचा. निमा, आयमासारख्या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडेही विचारावं. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

कशाकडे लक्ष ठेवायचं

चिडचिड, गप्प राहणं, थोडी झोप कमी होणं हे अशा काळात होतं. पण पहाटे तीनला उठून बसणं रोजचं झालं, जेवण तुटलं, दारू सुरू झाली किंवा वाढली, ‘मी तुमच्यावर ओझं आहे’ असं बोलणं आलं, विमा पॉलिसीच्या कागदांची अचानक चौकशी सुरू झाली, तर थांबू नका. स्पष्ट शब्दांत विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. असलेला बाहेर येतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि तुम्ही

जादा ड्युटी घ्यावी का, हे विचारलंत. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त नको, आणि तीही घरची वाटणी ठरल्यानंतर. सध्या घरात महिन्याला येणारा एकच पगार आहे, तो तुमचा. तुम्ही आजारी पडून चालणार नाही. ड्युटीचे दिवस शनिवारी त्यांच्यासोबत बसून ठरवा, म्हणजे ‘ही आपली निघून जाते’ असं होणार नाही. त्या दोन दिवशी रात्रीचं जेवण त्यांच्याकडे.

बोलण्यासाठी एक माणूस निवडा, एकच. सख्खी बहीण किंवा हॉस्पिटलमधली जुनी मैत्रीण चालेल. सोसायटीतली बाई किंवा सासरचं कुणी नको. आणि तिला निवडल्याचं यांना आधीच सांगून ठेवा: ‘मी ताईशी बोलते, मला मोकळं व्हायला कुणीतरी हवं.’ नंतर दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना आपली बदनामी झाल्यासारखं वाटेल. असं कुणी नसेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. तिथे फोन करायला आजारी असावं लागत नाही. तुमच्या पत्रात सगळ्यांची काळजी आहे, स्वतःबद्दल फक्त शेवटचा प्रश्न आहे. येत्या रविवारी घरच्यांशी बोलणं व्हायच्या आधी, शनिवारीच त्या मैत्रिणीला फोन करा.